नखावरची रेघ

पाण्याचा ग्लास मागितला तेव्हा दुकानदाराला वाटलं, मिस्त्रींना तहान लागली असेल. बाहेर ऊनही मी म्हणत होतं. त्याने आतून ग्लास भरून आणला आणि काउंटरवर ठेवला. मिस्त्रींनी तो ओठांना लावलाच नाही. समोरच्या बरणीतला एक बारीक ब्रश उचलला आणि सरळ पाण्यात बुडवला.

"अहो, अहो! काय करताय काय?"

"बघतोय."

"बघायचं तर डोळ्यांनी बघा ना! भिजवलेला ब्रश आता दुसरं कोण घेणार?"

"चांगला निघाला तर मीच घेणार."

"आणि नाही निघाला तर?"

नव्या ब्रशच्या केसांना गोंद लावलेला असतो, त्यामुळे बरणीत उभे असताना सगळेच ब्रश सुईसारखे टोकदार दिसतात. तो गोंद सुटेपर्यंत मिस्त्रींनी ब्रश पाण्यात हलके हलके फिरवला, बाहेर काढला आणि मनगटाला एक झटका दिला. शिंतोडे दुकानदाराच्या शर्टावर उडाले. मग डाव्या हाताचा अंगठा उजेडात धरून त्यांनी त्याच्या नखावर ब्रशचं टोक ओढलं. नख कसलं, वर्षानुवर्षांचं ग्रीस मुरलेली काळी कौलाची खापरी. तिच्यावर पाण्याची रेघ उमटली. एक नाही, दोन.

"नाही," म्हणून त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.

दुकानदाराने ग्लासच उचलून घेतला.

"हे बघा काका, तुम्ही आधीही येऊन गेलात. एकदा तो पाकिटातला सेट नेलात, एकदा सगळ्यात बारीक नंबर नेलात. मी एका शब्दाने काही विचारलं नाही. आज हा नवीनच प्रकार. तुम्हाला रंगवायचंय तरी काय?"

"डोळा."

"कसला डोळा?"

"एका बाईंचा. एवढा." मिस्त्रींनी चिमटीत तीळ धरल्यासारखी बोटं धरून दाखवली.

दुकानदार त्या बोटांकडे बघत राहिला. पान्यांनी नट आवळून आवळून जाड झालेली, पेरांवर जुन्या जखमांचे पांढरे व्रण असलेली ती बोटं. त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ घातलं होतं, ते त्याने कसंबसं आवरलं.

"तुम्ही रंगवणार?"

"मी कशाला? आमच्या घरात," मिस्त्री म्हणाले. पुढचं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सांगितलं की लोकांचे चेहरे बदलतात, आवाज खाली येतो, हे त्यांनी गेल्या काही महिन्यांत पुष्कळ पाहिलं होतं.

मिस्त्रींची बायको लॉकेटात बसतील एवढे चेहरे रंगवायची. शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी, गुळगुळीत पांढरी चकती असे. तिच्यावर कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचं लहानपणीच गेलेलं मूल. लोक फोटो आणून देत आणि मग ती खिडकीजवळच्या टेबलाशी, स्टँडवर बसवलेल्या भिंगाखाली मान घालून दिवसचे दिवस बसे. रेघ अशी ती मारतच नसे. ठिपक्याला ठिपका लावत जाई आणि त्यातून हळूहळू गाल वर येई. मिस्त्रींना त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. ते पंप दुरुस्त करायचे. आसपासच्या निम्म्या इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या त्यांच्या भरवशावर भरत. ती पंपाबद्दल काही विचारत नसे आणि ते चित्राबद्दल, म्हणून संसार कसा सुरळीत चालला होता. एकदाच काय तो खटका उडाला होता. बेअरिंगला तेल लावायला म्हणून त्यांनी टेबलावरचा एक ब्रश नेला होता. त्यानंतर ती कितीतरी दिवस बोलली नाही, आणि जेव्हा बोलली तेव्हा न बोलती तर बरं झालं असतं असं बोलली.

मग एका सकाळी ते दारात चपला घालत असताना आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते सहज म्हणाले, "काय गं, काय पडलं?" उत्तर आलं नाही. आत जाऊन पाहतात तो ती टेबलावर कलंडलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवी बाजू गेलेली होती. पाय पुढे काठीच्या आधाराने का होईना, परत आला. हात आला नाही. बोलणं आलं, पण गाळणीतून गाळल्यासारखं. आत दहा शब्द असले तर दोन बाहेर पडायचे, आणि तेही कधी कधी भलतेच. चहा हवा असला की "खिडकी" म्हणायची. आपण चुकलो हे सगळ्यांच्या आधी तिलाच कळायचं आणि ती डोळे घट्ट मिटून घ्यायची.

बिघडलेली वस्तू दुरुस्त होते, या एका गोष्टीवर मिस्त्रींचा सगळा जन्म गेला होता. वेळ लागतो, धीर लागतो, पण होते. त्यांनी एक रबरी चेंडू आणला. रोज सकाळी ते तिच्या उजव्या मुठीत चेंडू द्यायचे, वरून स्वतःची मूठ आवळायचे आणि म्हणायचे, "दाब. अजून. हां, हललं बघ बोट!" हललेलं नसायचं.

अशात एक दिवस बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. पाठ ताठ, साडीची घडी जागच्या जागी. त्यांच्या धाकट्या बहिणीचं चित्र टेबलावर अर्धवट पडलं होतं. केस, कपाळ, नाक, एक डोळा झालेला. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसतं पांढरं आणि ओठांचा पत्ता नाही.

"मी ते न्यायला आलेय," बाई खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाल्या. "राग मानू नका. एरवी मी वर्षभरसुद्धा थांबले असते. पण माझ्या डोळ्यांचं आता काही खरं नाही. आतला पडदा झिजत चाललाय. डॉक्टर म्हणतात, दिसतंय तोवर काय बघायचं ते बघून घ्या. मला तिला एकदा नीट बघायचंय. दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेते."

मिस्त्रींना हायसं वाटलं. डोक्यावरचं एक ओझं तरी उतरेल. "हो हो, घेऊन जा की," म्हणत ते टेबलाकडे वळले. तेवढ्यात काठी खाली पडल्याचा आवाज झाला. बायको पलंगावरून उठून तिथवर आली होती आणि तिने डावा पंजा त्या चित्रावर उपडा ठेवला होता.

"नाही," ती म्हणाली.

घरी आल्यापासून इतका खणखणीत शब्द तिच्या तोंडून आला नव्हता.

"अगं, बाई काय म्हणतायत ते—"

"मी." बराच वेळ तिचे ओठ नुसते हलले. "मी... देते."

बाईंनी तिच्या लोंबत्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या पंजाकडे. शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाई. कोण नुसता हट्ट करतंय आणि कोण नाही, हे त्यांना चांगलं कळत असावं.

"किती दिवस लागतील?"

ते तिला सांगता येईना. आकडे तर पार हरवलेच होते. आणि मिस्त्रींच्या तोंडून कसं कोण जाणे निघून गेलं, "दोन महिने द्या."

बाई गेल्यावर ते स्वतःवरच चिडले. आपल्या जिभेला काही हाड?

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूर, आपल्या संसारात. "बाबा, आईला उगाच आशेला लावू नका. चित्र परत देऊन टाका सरळ."

"मला काय सांगतेस? तुझ्या आईला सांग."

"आई बोलते कुठे?"

"नाही म्हणते. चांगलं ठणकावून म्हणते."

पहिली अडचण निघाली ती ब्रशची. ज्या सकाळी ती पडली, त्या सकाळी तिचा हातातला ब्रश पाण्याच्या वाटीत उभाच राहिला होता. ती दवाखान्यात असताना पाणी आटलं आणि ब्रशचं टोक वाटीच्या बुडाला टेकून गळासारखं वळलं. घरी आल्यावर ती त्या ब्रशकडे जितका वेळ बघत बसली, तितका वेळ स्वतःच्या हाताकडेही बसली नव्हती. बाकीचे ब्रश झिजून गेलेले. ते ती रंग कालवायला वापरायची.

मिस्त्री म्हणाले, त्यात काय एवढं, आणतो. आणि रंगीत दांड्यांचे डझनभर ब्रश असलेलं एक झगझगीत पाकीट घेऊन आले. तिने ते हाताच्या पाठीने टेबलाच्या कडेपर्यंत ढकललं. पुढे आपोआप पडलं. मग त्यांनी दुकानात विचारून घेतलं की सगळ्यात बारीक कोणता. जितकी शून्यं जास्त, तितका ब्रश बारीक, असं कळलं. ते तीन शून्यांचा घेऊन मोठ्या ऐटीत घरी आले. दिसायला पापणीच्या केसाएवढा. आता हिच्या तोंडून काही निघणार नाही, असं त्यांना वाटलं.

तिने तो डाव्या हातात धरला. धरला कसला, मुठीत पकडला. रंगात बुडवला आणि एका रद्दी चकतीवर टेकवला. काहीच उमटलं नाही. पुन्हा बुडवला. वाटीपासून चकतीपर्यंत येईतो त्या चिमूटभर केसांतला रंग वाळून जात होता.

"पोट," ती म्हणाली.

"पोटात दुखतंय?"

"पोट!"

"झोपतेस का जरा? गरम पाण्याची पिशवी देऊ?"

तिने ब्रश टेबलावर आपटला, दोन बोटांनी त्याच्या केसांचा मधला भाग दाखवला आणि शब्दामागे शब्द ओढून काढत म्हणाली, "याला... पोट... नाही. उपाशी."

मिस्त्री ब्रशकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे टाकीच नाही म्हण की! नळ बारीक केला, पण टाकी ठेवली वाटीएवढी. मग पाणी येणार कुठून? टाकी मोठी पाहिजे आणि तोटी तेवढी बारीक. असंच ना?"

ती हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. अर्ध्या तोंडाने, पण पुरती हसली.

त्या दुपारी तिने त्यांना ब्रश कसा बघायचा ते शिकवलं. शब्द नव्हतेच, म्हणून सगळं हातांनी. झिजलेल्या ब्रशांतले जरा बरे दोन-चार काढले. एक पाण्यात बुडवला, झटकला, मिस्त्रींचा अंगठा ओढून घेतला आणि त्याच्या नखावर टोक फिरवलं. दोन रेघा. तिने तोंड वाकडं केलं. दुसरा ओढला. दोनच. तिसऱ्याची एक रेघ आली, पण तिने ते टोक नखावर आडवं दाबून उचललं तर ते तसंच आडवं राहिलं.

"ऊठ," ती त्या ब्रशला म्हणाली. मग मिस्त्रींकडे वळून, "उठला... पाहिजे."

"पडला तरी लगेच उभा राहिला पाहिजे. समजलं." मिस्त्रींनी मान डोलावली. मग जरा घुटमळत म्हणाले, "चांगला मिळाला ना, की उजव्यालाही हुरूप येईल बघ. तोवर चेंडू चालू ठेवू आपण."

तिने डावा हात वर केला. त्यांनी तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

आणि म्हणून आज ते पुन्हा दुकानात उभे होते आणि दुकानदार ग्लास छातीशी धरून विचारत होता, घरात म्हणजे कोण?

"बायको," मिस्त्री अखेर म्हणाले. "लॉकेटातली चित्रं करते. झटका आला तिला. उजवा हात गेला."

दुकानदाराने ग्लास खाली ठेवला.

"त्या बारीक चित्रंवाल्या बाई? भिंग पर्समध्ये घेऊन यायच्या त्या?"

"त्याच."

"अहो, मग इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसला होतात का? मला वाटत होतं, कुठे गेल्या या! त्यांना मी कधी या बरणीतला ब्रश दिलाय का? थांबा." तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीमागून पत्र्याचा एक लांबट डबा काढून फुंकर मारत खाली उतरला. "हे सेबलचे. त्या नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे केस असतात. बाकी सगळा आता नायलॉनचा बाजार. आणि हा बघा त्यांचा नंबर. हाच न्यायच्या. डोळे मिटून घेऊन जा."

"डोळे मिटून कसा नेऊ?" म्हणत मिस्त्रींनी ग्लास पुढे ओढला.

बुडवला, फिरवला, झटकला. नखावर ओढला. दोन रेघा.

"कसं शक्य आहे?" दुकानदाराने ब्रश जवळजवळ हिसकावून घेतला. स्वतःच्या नखावर ओढून पाहिला. चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. "तीच कंपनी, तोच नंबर," तो पुटपुटला. "पूर्वी असं नव्हतं हो."

"एखादा असतो तसा. बाकीचे बघू."

"आता सगळे भिजवणार तुम्ही?"

"तुम्ही म्हणत असाल तर नाही."

दुकानदाराने डब्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं आणि आत जाऊन दुसरा ग्लास भरून आणला. "झटकायचं काम त्या बाजूला करा तेवढं," तो म्हणाला आणि स्वतःही स्टूल ओढून बसला.

मग ते दोघं, एक पंपवाला आणि एक दुकानदार, समोरासमोर बसून आपापल्या अंगठ्यावर पाण्याच्या रेघा ओढत राहिले. एकाचं टोक चांगलं, पण पोट सपाट. एकाचं पोट भरलेलं, तर एक केस बाजूला काडीसारखा उभा. एक सगळ्यात पास झाला आणि मिस्त्रींनी सवयीने त्याचे केस धरून ठेवणारी पत्र्याची टोपी चिमटीत धरून पिळली, तर ती दांडीवर डगडगली. "हा महिन्याभरात गळणार," ते म्हणाले; इथे मात्र त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. मध्ये एक बाई चित्रकलेच्या वह्या मागायला आली. दुकानदार वर न बघता म्हणाला, "जरा थांबा हां, काम चाललंय."

डबा संपत आला तेव्हा मिस्त्रींच्या हाताला एक जरा जाडसर लागला. दोन नंबर. शून्यांच्या शेजारी तो अगदीच दांडगट दिसत होता. पाण्यात गेल्यावर त्याचं पोट भरून फुगलं आणि झटका दिल्यावर सगळे केस असे मिटले की टोक डोळ्याला दिसेना. नखावर एक रेघ आली. मिस्त्रींनी ती पुसली आणि पुन्हा ओढली. तशीच. टोक आडवं दाबलं, उचललं. ब्रश ताडकन सरळ झाला.

"दोन नंबर?" दुकानदार म्हणाला.

"पोट आहे त्याला. आणि तोटी एकच."

"बाईंनी चांगलं तयार केलंय तुम्हाला," दुकानदार म्हणाला आणि ब्रशच्या टोकावर बसवायला प्लॅस्टिकची टोपी शोधू लागला.

घरी तिने मिस्त्रींच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. अंगठा मागितला, स्वतः रेघ ओढली, भिंग लावून पाहिली आणि मगच मान हलवली. मिस्त्रींना एखादी अवघड मोटर पहिल्या झटक्यात चालू झाल्यासारखं झालं.

पण ब्रश चांगला असून काय होतं? तिच्या डाव्या बोटांना त्याची दांडी पेलेना, सारखी निसटायची. मिस्त्रींनी चिकटपट्टी गुंडाळून ती जाड केली. तिने धरली आणि लगेच खाली ठेवली. वजन मागे गेलं होतं. मग त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची पातळ रबरी नळी आणली आणि तिचे दोन तुकडे दांडीवर चढवले. हे जमलं. चकती धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून ती पकडून ठेवणारा एक छोटा शिकंजा केला आणि त्याच्या जबड्याला आतून मऊ नमद्याची पट्टी लावली. आणि मग खरं काम सुरू झालं, त्यात मिस्त्रींना करण्यासारखं काहीच नव्हतं.

सुरुवातीचे ठिपके माशांनी घाण केल्यासारखे यायचे. ती एक रद्दी चकती भरायची आणि बाजूला टाकायची. दुसरी घ्यायची. कधी दुपारभर बसूनही एक ठिपका मनासारखा पडायचा नाही. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि मिस्त्री स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता जेवण उरकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबल. श्वास सोडायचा, थांबायचा, आणि पुढचा श्वास घेण्याच्या आत ठिपका. ते दारात उभे राहून बघायचे आणि नकळत त्यांचाही श्वास अडकायचा. वरच्या मजल्यावरचे लोक मोटरची तक्रार घेऊन आले की ते त्यांना जिन्यातच गाठायचे.

एका सकाळी ते नेहमीसारखे चेंडू घेऊन गेले, तर तिने हात पुढे केला नाही.

"वेळ नाही," ती म्हणाली.

"अगं, थोडा वेळ तर लागतो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"वेळ... डोळा." तिने चकतीकडे बोट केलं.

मिस्त्रींना लागलं ते. चेंडू खिशात टाकून ते कामावर गेले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. ही हात सोडून देतेय, असं त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. गंजलेला नटसुद्धा आपण असा सोडून देत नाही. तेल घालतो, ठोकतो, उद्या परत येतो. संध्याकाळी घरी आले तेव्हा ती रद्दी चकत्यांवर नव्हती. शिकंज्यात बाईंच्या बहिणीचं चित्र बसवलेलं होतं आणि पांढऱ्या जागेत, भिंगाशिवाय दिसणारही नाही असा, एक करडा ठिपका पडला होता. ती दमून खुर्चीत मागे रेलली होती. चेहरा घामाने भिजलेला. मिस्त्रींनी पंखा तिच्याकडे वळवला आणि चेंडूचा विषय काढला नाही.

दोन महिने पुरले नाहीत. बाई आल्या, चहा घेऊन परत गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा जिना चढताना त्यांचा हात कठड्यावर आधीपेक्षा घट्ट होता आणि उंबरठा त्यांनी पायाने चाचपून ओलांडला. पण त्या दिवशी चित्र झालेलं होतं.

बाईंनी ते तळहातावर घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. स्वतःचं भिंग काढलं. बराच वेळ त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. बायको खुर्चीत सरळ बसून होती, निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारखी नाही, निकाल आधीच माहीत असलेल्या माणसासारखी.

"हा डोळा वेगळा झालाय," बाई म्हणाल्या. "ओठही. या अर्ध्याचा हात वेगळा आहे."

मिस्त्री काहीतरी सारवासारव करणार होते. बायकोने त्यांच्याआधी तोंड उघडलं.

"हो. डावा."

"मऊपणा तितका नाही. ठिपके जरा जाड आहेत."

"हो."

बाई वळल्या. "मला अजून फरक दिसतो," त्या म्हणाल्या, "म्हणजे वेळेत झालं. आणि ही माझ्याकडे बघतेय. आधी नुसती फोटोसाठी बसल्यासारखी होती." त्यांनी चित्र लॉकेटात बसवून घेतलं, गळ्यात घातलं आणि पदराआड नीट सारलं. जाताना त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. उजवा नाही, डावा. तो रंगाने करडा झाला होता; पुसून घेण्याची त्यांनी वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री उशिरा कामावर जाणार होते. ती उठेल, आराम करेल, दोघं निवांत चहा घेतील, असा त्यांचा बेत होता. ते बाहेर आले तर ती काठी धरून टेबलापाशी उभी होती.

"हे," तिने टेबलावर थाप मारली. मग खिडकीच्या पलीकडच्या बाजूला बोट केलं. "तिकडे."

"टेबल हलवायचं? का बरं? इथे काय वाईट आहे?"

तिने डावा हात ब्रश धरल्यासारखा टेबलावर धरला. खिडकी त्याच बाजूला होती. हाताची सावली नेमकी तिथे पडली, जिथे चित्र असतं.

मिस्त्री त्या सावलीकडे बघत राहिले. "म्हणजे सगळा डोळा तू या सावलीत केलास?"

तिने एक खांदा उडवला.

"मग आधीच का नाही सांगितलंस? तेव्हाच हलवलं असतं की!"

मिस्त्रींनी टेबलाच्या कडेला हात लावला आणि तिथेच थांबले. "हलवतो," ते म्हणाले. "पण उजवा आला की पुन्हा इकडे आणायला लागेल हां."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. आजारी ती होती, पण तिची नजर अशी होती की जणू मिस्त्रींनाच काही दुखतंय.

"नाही येणार तो," ती म्हणाली. तिन्ही शब्द नीट, आपापल्या जागी.

मिस्त्रींनी मान खाली घातली. बराच वेळ ते टेबलाच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी बाह्या सारल्या, भिंगाचा स्टँड आणि रंगांच्या वाट्या पलंगावर ठेवल्या आणि टेबल उचलत, सरकवत, पुन्हा उचलत खिडकीच्या पलीकडे नेलं. टेबल चांगलंच जड होतं. लग्नानंतर ते एकदा तिथे ठेवलं गेलं होतं, त्यानंतर कुणी हलवलंच नव्हतं.

जुन्या जागी फरशीत टेबलाच्या पायांचे चार खळगे पडले होते. त्यांच्यामध्ये, ती पाय टेकवून बसायची तिथे, फरशीचा रंग उडून दोन फिकट गुळगुळीत चट्टे झाले होते. मिस्त्री फडकं घेऊन खाली बसले. कोपऱ्यातली धूळ पुसली, खळग्यांतली पुसली, चट्ट्यांवरूनही एकदा हात फिरवला.

ती काठी टेकत टेकत त्यांच्या शेजारून, त्या खळग्यांवरून पलीकडे गेली. टेबलाशी उभी राहिली, डावा हात त्यावर धरला आणि सावली कुठे पडते ते पाहिलं.

"खुर्ची," ती म्हणाली.